प्रश्न विचारायचा, मग उत्तरही ऐकायचं

मैत्रिणींनो,

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत भांडण झालं. भांडणच म्हणायला हवं, कारण चहा कपात तसाच निवला आणि दोघीजणी एकमेकींकडे न बघता चपला घालून निघून गेल्या. संधिवात, ल्युपस, थायरॉइड, मधुमेह अशा जन्मभर सोबत करणाऱ्या दुखण्यांच्या बायकांचा हा गट. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी आम्ही संघटनेच्या खोलीत जमतो. मीही त्यातलीच. बारा वर्षं झाली, सकाळी बोटं उघडायला मला अर्धा तास लागतो.

भांडणाला सुरुवात एका साध्या प्रश्नानं झाली. ल्युपस असलेल्या एका मैत्रिणीनं विचारलं, "माझी मुलगी बारा वर्षांची झाली. तिला ती गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस द्यायची का? माझं शरीर माझ्यावरच उलटलंय. लस म्हणजे शरीराला चेतवणंच ना? तिच्या अंगात माझ्यासारखंच काही पेटलं तर?"

आमच्यातल्या एक निवृत्त परिचारिका लगेच म्हणाल्या, "द्यायची. यात विचार कसला करायचा?" दुसरीनं पर्समधून फोन काढला आणि व्हॉट्सअॅपवर आलेला लांबलचक मजकूर वाचून दाखवला. कंपन्यांचं कारस्थान, वांझपण, लपवलेले मृत्यू, सगळं त्यात होतं. वाचून झाल्यावर ती माझ्याकडे वळली. "ताई, त्या आंध्रातल्या आदिवासी मुली मेल्या तेव्हा तुम्हीच पत्रकं वाटत होतात ना? मग आता सांगा की!"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. ते उत्तर इथे सविस्तर देण्याचा प्रयत्न करते आहे. पण त्याआधी एक कबुली द्यायला हवी.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना कोविडची लस खुली झाली तेव्हा, गटातल्याच एका मैत्रिणीचा मला फोन आला. वय ४९, ल्युपस, रोज स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी. शिवणकाम करून घर चालवणारी. "ताई, घेऊ का गं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "थोडी थांब. आपल्यासारख्यांवर अभ्यास झालेला नाही." ती थांबली. मे महिन्यात तिला करोना झाला. १९ दिवस ती ऑक्सिजनवर होती. वाचली, पण आजही जिना चढताना मधल्या पायरीवर टेकते.

लस घेतली असती तर ती आजारी पडलीच नसती, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एक घडलं, मग दुसरं घडलं, म्हणून पहिल्यामुळेच दुसरं झालं, ही तर अफवांचीच रीत झाली. पण एवढं नक्की सांगते, की मी तिला अर्धीच गोष्ट सांगितली. आपल्यासारख्यांना सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळलं होतं हे खरं होतं. लशीबद्दल काय ठाऊक नाही ते मी तिच्यासमोर मांडलं. तिच्यासारख्या बाईला तो आजार काय करू शकतो, हे तोवर बऱ्यापैकी ठाऊक झालं होतं. ते मात्र मी मांडलंच नाही. तराजूचं एकच पारडं मी तिच्या हातात दिलं.

माझा गोंधळ अगदीच निराधार नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, की ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे किंवा जे तिच्यावर परिणाम करणारी औषधं घेतात त्यांनी ही लस घेऊ नये. त्यानंतर दीड महिन्यातच सरकारनं ४५ ते ५९ वयाच्या ज्या रुग्णांना आधी लस द्यायची त्यांची यादी काढली, तर तिच्यात स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दीर्घकाळ घेणारे होते! कंपनीचा कागद थांबा म्हणतो, सरकारचा कागद आधी या म्हणतो. हातात दोन्ही कागद घेऊन बाईनं जायचं कुणाकडे? ती जाते मैत्रिणीकडे. म्हणूनच मैत्रिणीची जबाबदारी मोठी असते.

आपण मैत्रिणीकडेच का जातो, यालाही इतिहास आहे. शरीराची संरक्षक यंत्रणाच शरीरावर उलटते अशा आजारांत बायकांची संख्या मोठी आहे. ल्युपसच्या दर दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात. आणि आमच्या गटातल्या जवळजवळ प्रत्येकीनं निदान होण्याआधी कधी ना कधी ऐकलेलं आहे, "काही नाही हो, मनाचं आहे. कामाचा कंटाळा आहे. लग्न झालं की बरं वाटेल." सांधे सुजलेले असताना, केस गळत असताना, ताप उतरत नसताना हे ऐकलेलं आहे. जिचं दुखणं वर्षानुवर्षं कुणी खरं मानलं नाही, तिनं पांढऱ्या कोटावर चटकन विश्वास ठेवावा अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करायची? तिच्या अविश्वासाला अडाणीपणा म्हणणं हा तिचा दुसऱ्यांदा अपमान आहे. आमच्या निवृत्त परिचारिका बाईंचं मत बरोबर होतं, पण "यात विचार कसला" हे तीन शब्द चुकलेच. विचार असतोच. तो करायलाच तर आपण जमतो.

आता पत्रकांविषयी. होय, वाटली होती. आणि त्यातल्या बहुतेक मजकुराबद्दल मला आजही अभिमान आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला १० ते १४ वयाच्या सुमारे २४ हजार मुलींना ही लस दिली गेली. 'पाथ' ही अमेरिकन संस्था, आपली वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकारं यांचा तो प्रकल्प होता. 'समा'सारख्या स्त्री-आरोग्य गटांनी खम्ममला जाऊन विचारपूस केली तेव्हा कळलं, की आश्रमशाळांतल्या कितीतरी मुलींच्या आईबापांना काही विचारलंच नव्हतं. पुढे सरकारी चौकशीत आकडे बाहेर आले. आंध्रातल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननं सही केली होती आणि १,९४८ पत्रांवर नुसते अंगठे होते. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला. ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. १९८६ मध्ये नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाच्या चाचणीविरुद्ध स्त्री शक्ती संघटना आणि सहेली सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हापासूनची आपली मागणी हीच होती. आमच्या शरीरावर काही करणार असाल तर आधी आम्हाला समजेल अशा भाषेत सांगा, आणि आमचं 'नको' ऐकून घ्या.

पण त्या मुलींचे मृत्यू? प्रकल्पातल्या सात मुली दगावल्या. चौकशी समितीसमोर जी कारणं आली त्यांत बुडणं होतं, सर्पदंश होता, कीटकनाशक पिणं होतं, मलेरिया होता. लशीमुळे मृत्यू झाला असं समितीला दिसलं नाही. संसदीय समितीनं मात्र हे सांगितलं, की या मृत्यूंचा खोलात जाऊन तपास व्हायला हवा होता. तो आग्रह योग्यच होता. आदिवासी मुलगी साप चावून मेली तरी तिच्या मरणाची नीट नोंद व्हायला हवी. पण "तपास अपुरा झाला" आणि "लशीनं मारलं" या दोन वाक्यांत मोठं अंतर आहे. सभेत, घोषणेत, चहाच्या गप्पांत ते अंतर आम्ही जपलं नाही. "त्या लशीनं मुली मेल्या" हे वाक्य आमच्याही तोंडून गेलं. तेच वाक्य आज फोनवरून फिरत फिरत आमच्याच बैठकीत परत आलं. ते आम्हालाच परत घ्यायला हवं, म्हणून इथे घेते आहे.

मग बाईचा अनुभव हा पुरावा नाही का? आहे. पाळीचंच उदाहरण घ्या. २०२१ मध्ये लस घेतल्यावर जगभरच्या बायका सांगू लागल्या, की पाळी पुढे गेली, रक्तस्राव जास्त झाला. पुष्कळ ठिकाणी त्यांना "ताणामुळे असेल" म्हणून परत पाठवलं गेलं. चाचण्यांत पाळीबद्दल विचारायचं बहुतेकांना सुचलंच नव्हतं! बायकांनी धोशा लावला, तेव्हा कुठे मोजमाप झालं. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे चार हजार बायकांच्या पाळीच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लशीनंतरच्या पाळीचं चक्र सरासरी एका दिवसाहूनही कमी वेळानं लांबलं होतं, आणि ते पुन्हा पूर्ववत होत होतं. म्हणजे बायका खोटं बोलत नव्हत्या. आणि त्यामागून आलेली वांझपणाची भीती खरी नव्हती. या दोन्ही गोष्टी एकदम कळल्या त्या अनुभव ऐकून मग मोजल्यामुळे. नुसतं ऐकून थांबलो असतो तर भीती उरली असती, न ऐकता फेटाळलं असतं तर अपमान उरला असता.

दरम्यान आपल्याकडे एप्रिल २०२१ मध्ये वेगळाच निरोप फिरत होता, की पाळीच्या आधीचे पाच दिवस आणि नंतरचे पाच दिवस लस घेऊ नका. सरकारनं तो खोटा असल्याचं जाहीर केलं. पण महिन्यातले इतके दिवस बाईला 'बाजूला' बसवणारा निरोप पटकन का पटला, याचा विचार आपणच करायला हवा. पाळीला विटाळ मानणाऱ्या घरात तो आधीच पेरलेला होता.

दुसरं उदाहरण रक्ताच्या गुठळ्यांचं. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत बातमी आली, की कोविशील्ड ज्या लशीवर आधारलेली आहे तिच्या मूळ कंपनीनं ब्रिटनमधल्या न्यायालयात हा दुष्परिणाम मान्य केला. आमचे फोन दिवसभर वाजत होते. "इतकी वर्षं लपवलं!" वास्तविक एप्रिल २०२१ मध्येच युरोपच्या औषध नियामकानं हा अतिदुर्मीळ दुष्परिणाम जाहीर केला होता. मे २०२१ मध्ये आपल्या देशाच्या समितीनंही दहा लाख डोसमागे ०.६१ इतकं प्रमाण सांगितलं होतं. ही गुठळी होते ती डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत; तीन वर्षांनी घाबरण्याचं कारण नव्हतं. हे सगळं जाहीर होतं, पण गल्लीतल्या लसीकरण केंद्रावर, मराठीत, बाईला समजेल असं कुणी सांगितलं नव्हतं. घाबरतील म्हणून सांगायचं नाही, हे धोरण किती महागात पडतं बघा. जी गोष्ट विश्वासानं सांगता आली असती, ती तीन वर्षांनी कारस्थान होऊन परत आली.

तर आता त्या आईचा प्रश्न. मुलीला आपल्यासारखं काही होईल का, याचं उत्तर शोधायला मी बसले तेव्हा दोन अभ्यास हाती लागले. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या सुमारे १० लाख मुलींच्या सरकारी नोंदी तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यातल्या जवळजवळ तीन लाख मुलींनी ही लस घेतली होती. लशीमुळे ल्युपस-संधिवातासारखे आजार होतात असा पुरावा त्यात मिळाला नाही. स्वीडनमध्ये आधीच असा आजार असलेल्या सुमारे ७० हजार मुली-बायकांच्याही नोंदी तपासल्या गेल्या. त्यातही लस घेतलेल्यांत अशा नव्या आजाराचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. दुसरं पारडंही मांडते. आपल्या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो आणि ७५ हजारांहून अधिक त्यानं मरतात. स्वीडनमध्ये सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्या मुलींत हा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी आढळला. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा एचआयव्हीनं क्षीण झाली आहे त्यांना या विषाणूचा धोका जास्त. म्हणून अशा मुलींना शक्य तिथे तीन डोस द्यावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या अशाच लशीला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली आहे.

आपल्या स्वतःसाठी काय? प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना जिवंत जंतूंच्या लशी, म्हणजे गोवर-रुबेला, कांजिण्या, पिवळा ताप, नाकात फवारायची फ्लूची लस, सहसा टाळतात. फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोनिया, हेपटायटिस बी, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस या जिवंत जंतूंच्या नाहीत. कोविडची लस घेतलेल्या हजारो संधिवात-रुग्णांच्या युरोपातल्या नोंदीत, शंभरात चार-पाच जणांचं दुखणं उसळलं, तीव्र स्वरूपात हजारात सहा जणांचं. हे प्रमाण शून्य नाही. ज्यांचं उसळलं त्यांना "मनाचं आहे" म्हणायचं नाही. पण उरलेल्यांनाही त्यांच्या नावानं घाबरवायचं नाही. आणि एक कळकळीची विनंती. लस घेण्यासाठी गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. फ्लूच्या लशीनंतर, आजार आटोक्यात असेल तर, मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात. इतर औषधांच्या वेळा वेगळ्या. ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, आणि त्यांनी घाईनं सांगितलं तर पुन्हा विचारा. फी दिलेली असते, किंवा सरकारी दवाखान्यात आपला हक्क असतो. संकोच कसला?

माहिती विश्वासाची कशी ओळखायची, यावर पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा बसलो. दोघीही आल्या होत्या. आम्ही काही प्रश्न वहीत लिहून काढले. सांगणारा कोण आहे, आणि त्यात त्याचा फायदा काय? हा प्रश्न कंपनीलाही विचारायचा आणि लशीऐवजी काढा विकणाऱ्यालाही. किती जणींत किती जणींना झालं? लस न घेतलेल्यांत तेच किती जणींना होतं? चूक निघाली तर सांगणारा ती दुरुस्त करतो का? १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या प्रतिष्ठित नियतकालिकानं अवघ्या १२ मुलांवरून एमएमआर लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा लेख छापला. २०१० मध्ये तो मागे घेतला. बारा वर्षं लागली, हे वाईटच. पण फोनवरचा निरोप तर कुणीच मागे घेत नाही, त्याला पत्ताच नसतो.

वहीच्या दुसऱ्या बाजूला आमच्या मागण्या आहेत. लशीच्या जागी मराठीत छापलेला कागद हवा, त्यात दुर्मीळ दुष्परिणामही हवेत. मुलीची आणि आईची समजून घेतलेली संमती हवी, मुख्याध्यापकांची सही नको. इजा झाल्यास नोंद, उपचार आणि भरपाई हवी. दीर्घ आजाराच्या बायकांना चाचण्यांतून वगळू नका. स्वीडनसारख्या नोंदी आपल्याकडे का नाहीत, याचं उत्तर द्या. आणि लस आली म्हणून तिशीपुढच्या बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी मागे पडता कामा नये. आपणही आपलं काम करू. लशीनंतर काही त्रास झाला तर आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंदवायचं आणि नोंद झाली का ते विचारायचं. तक्रार गप्पांत राहिली तर तिची अफवा होते.

२०२१ मधली ती मैत्रीणही या बैठकीला होती. सगळ्यांसमोर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, तुम्ही थांब म्हणालात त्याचा राग नाही. पण नंतर परत फोन करून 'आता घे' असं सांगायला हवं होतंत." ती खरंच बोलली. मे महिन्यापर्यंत मी काय वाचत होते, कुणाला विचारत होते, यातलं मी तिला काहीच कळवलं नव्हतं.

त्या मुलीच्या आईनं अजून ठरवलेलं नाही. वहीतले प्रश्न उतरवून घेऊन ती आपल्या डॉक्टरांकडे गेली आहे. मुलीलाही सोबत नेलंय, कारण शरीर मुलीचं आहे. माझं मत विचाराल तर लस द्यावी असं मला वाटतं, आणि तसं मी तिला सांगितलंय. का वाटतं तेही सांगितलंय. आणि मी पुढच्या आठवड्यात तिला फोन करणार आहे.

तुमच्या गटांत काय चाललंय ते लिहा. लशीनं त्रास झाला असेल तर तेही लिहा, तारीख आणि औषधांची नावं घालून. पुढच्या अंकात तुमची पत्रं आणि त्यावर डॉक्टरांची उत्तरं एकत्र छापू.

तुमची,
संपादक